पापण्यांना दोन हात

३ मार्च, सोमवार. दुपारी २.१५

मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. दुकानातला भिंतींच्या रंगांचा विभाग बंद होतोय. बावीस वर्षं मी तो एकहाती चालवला, पण मनाला लावून घेतलं नाही. मेकअपच्या काउंटरवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, तिच्या जागी मला बसवताहेत. तिथे मस्काराचा ढीग पडून आहे. महिनाभरात तो हलला नाही तर तुम्हाला गोदामात पाठवावं लागेल, असं म्हणाले. म्हणजे एकाच वेळी दोन पदांसाठी माझा विचार चालू आहे.

मस्कारा म्हणजे काय, हे विचारलं नाही. वरिष्ठांना अडचणीत आणू नये.

४ मार्च

मस्कारा = पापण्यांचा रंग. ब्रश झाकणालाच जोडलेला. विषय संपला.

खोक्यात माहितीपत्रक निघालं. आखूड पापण्यांना बारीक ब्रश, विरळ पापण्यांना जाड ब्रश. सरळ पापण्या आधी चिमट्याने वळवून घ्याव्यात, मगच मस्कारा. डोळ्यांतून पाणी येत असेल तर वॉटरप्रूफ. चार ओळी वाचून ठेवून दिलं. नवशिक्यांसाठी ठीक आहे.

पहिलं गिऱ्हाईक आलं. ब्राऊन आहे का, असं तिने विचारलं. भिंतीला ओल आहे का, असं मी सवयीने विचारलं. ती निघून गेली. घाईत असावी.

६ मार्च

काउंटरवर नमुन्याच्या बारा ट्यूब आहेत. त्या मुलीने एकही कधी ढवळलेली दिसत नाही. रंग ढवळल्याशिवाय बसत नाही, हे तिला कोण सांगणार? प्रत्येक ट्यूबमध्ये ब्रश पन्नास वेळा आत-बाहेर केला. मनगट दुखतंय. मन प्रसन्न.

७ मार्च

बाराही ट्यूब सुकल्या. पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिलंय, ब्रश असा आत-बाहेर केला की हवा शिरते आणि मस्कारा वाळतो. अशा गोष्टी मागच्या बाजूला छापतात? कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं. उद्या.

८ मार्च, शनिवार. सकाळी ७.३०

प्रात्यक्षिकाशिवाय माल खपत नाही. पुढच्या शनिवारी काउंटरवर जाहीर प्रात्यक्षिक ठेवतोय. काल मॅनेजरना सांगितलं. ते डोळे मिटून बसले. भारावले असावेत.

तोवर सराव हवा. हिला खुर्चीत बसायला सांगितलं. आपण एकोणीस वर्षं बायको आहोत, भिंत नाही, असं म्हणून ही आंघोळीला गेली. सासूबाई मात्र लगेच तयार झाल्या. वय एकाहत्तर, पण वृत्ती आधुनिक.

(सकाळी ८.१०. मी डोळ्यांत औषध घालतोय, असा त्यांचा समज झाला होता.)

त्यांनी आरशात बघितलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, उजवी बाजू राहिली ना अजून?" मी घाम पुसत होतो. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि उजवा डोळा स्वतःच केला. नंतर पत्रक मागून घेतलं आणि भिंग घेऊन वाचत बसल्या. वाचू देत. त्यांचाही वेळ जातो.

१० मार्च

वॉटरप्रूफची चाचणी स्वतःवर घेतली. पहिला हात, वाळवणे, दुसरा हात. अगदी दरवाजाच्या चौकटीसारखं. दुसऱ्या हाताला शिंक आली. आता भुवईपासून गालापर्यंत वॉटरप्रूफ आहे.

साबणाने जात नाही. माल उत्तम.

टर्पेंटाइनची बाटली शोधून काढली, पण हिने ती हातातून ओढून घेतली आणि जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी सासूबाईंनी तेलाचा बोळा मिटलेल्या डोळ्यावर जरा वेळ धरून ठेवला आणि अलगद खाली ओढला. सगळं निघालं. कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्याच कागदावर आहे."

गालावरचं थोडं काळं मात्र राहिलं. दुकानाच्या दारावरच्या वॉचमनने खांद्यावर हात ठेवला आणि घरोघरी असं होतं, असं हळूच सांगितलं. काय होतं ते कळलं नाही.

१२ मार्च

सराव बंद. जास्त सरावाने हात जड होतो.

सासूबाई दोन दिवस शेजारणींना घरी बोलावताहेत. घरात सारखं "खाली बघा, आता वर बघा" चालू असतं. बायकांना करमणूक लागतेच. शनिवारी तयार नमुना म्हणून त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवणार आहे. बोलायचं काही नाही, नुसतं दिसायचं, हे बजावलंय.

१५ मार्च, शनिवार. सकाळी १०.४०

पाटी स्वतः रंगवली: "पापण्यांना दोन हात. टिकाऊ काम." लोक थांबून वाचताहेत. हसताहेतसुद्धा. वातावरण अनुकूल.

रात्री ८.३०

थोडक्यात नोंद.

एक बँकेतल्या बाई पुढे आल्या. पापण्या सरळ, आखूड. मी जाड ब्रश घेतला, कारण कामाला वेग येतो. पहिला हात दिला. पूर्ण वाळेपर्यंत पापणी लवू देऊ नका, वीस मिनिटं लागतील, असं सांगितलं. त्यांची चार सेकंदांत लवली. सहकार्य शून्य. दुसऱ्या हातानंतर पापण्या एकमेकींना चिकटून तीनच उरल्यासारख्या दिसायला लागल्या. मग आठवलं, वळवायच्या राहिल्या. चिमटा लावला. चिमटा निघाला, त्याच्यासोबत दोन पापण्याही निघाल्या.

बाई ओरडल्या नाहीत. फक्त आपण बँकेत कोणत्या पदावर आहोत ते त्यांनी सांगितलं. गर्दीतून मॅनेजर येताना दिसले.

तेवढ्यात नमुना उठला. सासूबाईंनी मला कोपराने बाजूला सारलं, बाईंच्या डोळ्यावर तेलाचा बोळा धरला आणि त्यांच्या मुलांची चौकशी केली. डोळे स्वच्छ पुसून कोरडे केले, चिमटा पुसून पापण्या वळवल्या आणि बारीक ब्रशची नवीन ट्यूब फोडली. एकाचा ब्रश दुसऱ्याच्या डोळ्याला लावायचा नसतो, असं त्या गर्दीकडे बघून म्हणाल्या. ब्रश ट्यूबच्या तोंडावर निपटून घेतला. बाईंना खाली बघायला सांगून तो मुळाशी टेकवला आणि किंचित हलवत टोकापर्यंत नेला. दुसरा हात पहिला ओला असतानाच.

बाईंनी आरशात पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. म्हणाल्या, "माझे डोळे एवढे मोठे आहेत?"

सासूबाई म्हणाल्या, "होतेच."

संध्याकाळपर्यंत रांग संपली नाही. माझं प्रात्यक्षिक कमालीचं यशस्वी. उपस्थितांत सासूबाईही होत्या.

१७ मार्च

मॅनेजरनी सासूबाईंना केबिनमध्ये बोलावलं. सत्कार असावा. मला बाहेर थांबायला सांगितलं. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

१८ मार्च

सत्कार नव्हता. ती मुलगी परत येईपर्यंत काउंटर सासूबाईंकडे. मी गोदामात जायचं होतं, पण त्यांनी मला मागून घेतलं, असं कॅशियर सांगत होता. मॅनेजर नको म्हणत होते. त्यावर त्या म्हणाल्या, "मनाने वाईट नाहीत. त्यांना हाताशी काही तरी धरायला द्या, म्हणजे झालं."

कॅशियरला ऐकण्यात चूक होते, हे मी पूर्वीपासून पाहतोय.

२४ मार्च

ढीग निम्मा झाला. ही आता सकाळी दोन डबे भरते, पहिला सासूबाईंचा.

माझ्याकडे आरशाची जबाबदारी आहे. काम दिसतं तितकं सोपं नाही. प्रकाश, कोन, अंतर, सगळं बघावं लागतं. आज दुपारी एक मुलगी खुर्चीत बसली होती, मी आरसा हातात धरून पूर्ण एकाग्रतेने उभा होतो, मधूनच केसही सारखे केले. सासूबाईंनी एकदा हाक मारली. मग दुसऱ्यांदा, जरा हळू.

"जावईबापू, आरसा त्यांच्याकडे करा."

केला.