पुन्हा लेझर लावण्याआधी

देजॉन,
रविवार, ६ मार्च २०१६

प्रिय हेवॉन ताई,

आधी दुरुस्ती, मग ख्यालीखुशाली. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की, तुझ्या डोळ्यांवर पुन्हा लेझर करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते डॉक्टर नव्हते. मी तपासायला गेले त्या दवाखान्यातल्या सल्लागारबाई होत्या. पांढरा कोट त्याही घालतात आणि बोलतात डॉक्टरांपेक्षा गोड. डॉक्टर मला त्यानंतर भेटले. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, तेव्हा सांगायचे की चुकलेलं वाक्य कुणाचं आहे हे आधी लिहावं, बरोबर काय ते नंतर. म्हणून हे आधी.

आम्ही बऱ्या आहोत. आईच्या दुकानात मुळ्याचं लोणचं सध्या उरत नाही, इतकं खपतं. मला बालवाडीत कायम केलं. तुझी सकाळची पाळी संपली का, की अजून पहिल्या बसवरच आहेस?

मागच्या वेळी लेझरच्या तीन प्रकारांची तुलना मी मोठ्या हौसेनं लिहिली होती. तुझं झालं ते लासिक. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं झाकण कापायचं, आत लेझर मारायचा, झाकण परत बसवायचं. दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं. लासेकमध्ये झाकण नाही, वरचा नाजूक पापुद्रा बाजूला करतात, मग काही दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं. तुला आता दुरुस्तीसाठी तेच सुचवलं आहे. तिसरं स्माइल. बारीकशा चिरेतून आतली पातळ चकती ओढून काढायची. मी माझ्यासाठी तेच ठरवलं होतं. पडद्याची जाडी, नंबर, कोरडेपणा, सगळं मी पडताळून घेतलं होतं. तुलनेत चूक नाही. पण ती तुझ्या-माझ्या कामाची नाही.

माझा पडदा पातळ निघाला म्हणून मला नको म्हणाले, असंही मी लिहिलं होतं. तेही खरं नाही. पडदा चांगला जाड आहे.

खरं असं झालं. हल्ली लेझरच्या आधी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतात आणि रक्तातून आलेला एक दोष आहे का ते पाहतात. आपल्याकडे तो बऱ्याच घरांत असतो आणि कुणाला पत्ता नसतो, कारण तसा तो फार त्रास देत नाही. म्हातारपणापर्यंत पडद्यावर चार पांढरे ठिपके, बस. पण अशा डोळ्याला लेझर लागला की ठिपके वाढत जातात आणि नजरेवर धुकं धरतं. प्रकार कुठलाही असो, लासिक, लासेक, स्माइल. माझ्यात तो दोष निघाला.

मला नुसता चष्मा राहिला, त्याचं काही नाही. निकाल घ्यायला आई बरोबर होती. डॉक्टर तिला म्हणाले, "आई, तुम्हीही जरा या यंत्रावर हनुवटी टेकवा बघू." आई म्हणाली, "मला कुठं या वयात नटायचंय?" तरी बसली. त्यांनी दिवा फिरवला, तेच पांढरे ठिपके दिसतात म्हणाले आणि विचारलं, "घरात कुणाचं लेझर झालंय का?" मी आईकडे पाहिलं. ती पर्सची चेन लावत होती, लागलेली चेन पुन्हा लावत होती.

मी सांगितलं, मोठ्या बहिणीचं, २००५ साली.

"तेव्हा ही तपासणी नव्हती," ते म्हणाले. "त्यांना रात्री दिव्यांभोवती धूसर दिसतं का?"

ताई, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, हे तूच लिहिलं होतंस. तुझ्या दवाखान्यानं त्याला कोरडेपणा म्हटलं, नंबर परतलाय म्हटलं, आणि १८ तारीख दिली. तुझ्यात दोष असेलच असं नाही. निम्मी शक्यता, असं डॉक्टर म्हणाले. पण तपासल्याशिवाय पुन्हा लेझर लावू देऊ नका, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

घरी येऊन आई सोयाबीनच्या मोडांच्या शेपट्या खुडायला बसली. मग म्हणाली, "बारावीच्या परीक्षेनंतर सगळ्या पोरींनी पापण्यांना घडी पाडायचं ऑपरेशन मागितलं. मीच हेवॉनला म्हटलं, पापणी कशाला, नजर घे. आयुष्यभर पुरेल."

"तुला काय ठाऊक होतं, आई?"

"ठाऊक नव्हतं म्हणून डोळा बरा होतो का?"

मी म्हटलं, आत्ताच ताईला फोन करू. तिनं माझा हात धरला. "थांब. ग्युमिनच्या घरच्यांशी तिच्या लग्नाची बैठक होऊ दे. त्याची आई आधीच कुरकुरते, मुलगी बस चालवते म्हणून. त्यात रक्तातला दोष म्हटलं की झालंच. लग्न ठरलं की मीच सांगेन."

"पण बैठक २६ला आहे आणि लेझर १८ला."

"मग तिला सांग, बैठकीनंतर कर म्हणून. कारण कशाला लागतं?"

तुला कारण लागतं, हे मला माहीत आहे. तू लहानपणापासून कारण मागतेस. म्हणून 'नंतर कर' असं मी लिहिलंच नाही. पडद्याचं निमित्त लिहिलं, सल्लागारबाईंचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडी घातलं, आणि तुला काही कळू नये एवढंच पाहिलं. तू उलट निर्धास्त झालीस. "तू एवढं विचारून आलीस, आता मी डोळे मिटून करून घेते," हे तुझं उत्तर आलं, तेव्हा मी हे पत्र लिहायला घेतलं.

फोनवर मी हे सांगू शकले नसते. आई शेजारी असते, आणि ती माझ्याकडे पाहायला लागली की मी तिच्यासारखंच बोलते.

तेव्हा ताई, १८ तारीख रद्द कर. पुढे ढकलू नकोस, रद्द कर. आधी गालातल्या काडीची तपासणी करून घे. निकाल वाईट आला तरी काही उपाय आहेत म्हणतात. ते काय आणि कितपत, हे मला नीट समजलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. तोवर रात्रीची पाळी घेऊ नकोस. तुझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात. ग्युमिनला सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझ्या मते सांगावं, पण ते मत आहे.

एकच मागते. पत्र मिळाल्यावर आईला लगेच फोन करू नकोस. तू रागावशील, आणि तुझा हक्कच आहे. पण मी तुला कळवलंय हे तिनं माझ्याच तोंडून ऐकावं. ती रडेल की मला घराबाहेर काढेल, मला सांगता येत नाही. दोन्हीची भीती वाटते.

आईला मी दुकान बंद झाल्यावर सांगणार आहे, शनिवारी, १२ मार्चला.

तुला खरं कळवायला उशीर केलेली,
सोदाम