बर्फातला जांभळा दोरा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं राहिलंय. अजून डोळ्यांपुढं आहे: वडगावच्या घरात मागांचा खडखडाट चाललाय, तू केसांवरची सुताची तुसं झटकतेस आणि विचारतेस, "बर्फातली धूळ मोजाय पगार देत्यात व्हय रं? मग आमच्या मागाखाली ये की, हितं लई हाय!" मी शाळेतलं संस्कृत पाजळत सांगितलं, की धुळीला रज, रेणू, पांसू अशी नावं आहेत. "नावं ठेवून ती कमी हुतीया व्हय?" म्हणालीस आणि केरसुणी माझ्या हातात दिलीस.

तर ऐक. ध्रुवावर बर्फाचे थरावर थर साचतात आणि वाऱ्यानं आणलेली धूळ त्यांत अडकते. तो बर्फ वितळवून आम्ही कण मोजतो. धूळ जास्त, म्हणजे त्या काळी जग कोरडं आणि वारा जोराचा. परवा एका थरात धूळ एकाएकी वाढलेली दिसली. असा कोरडा काळ आमच्यापैकी कुणालाच आजवर सापडला नव्हता. माझ्या डोक्यात निबंधाचं शीर्षकसुद्धा तयार झालं, अर्थात लांबलचक समासासकट. तेवढ्यात सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता माझ्या विद्यार्थिनीनं हाक मारली. पोरगी सदलग्याची, आम्ही दोघंच असलो की गावाकडचंच बोलते. "सर, ही धूळ न्हाय. दोरं हायत. आणि जांभळं!"

मी वाकून पाहतो, तर खरंच. तुझ्या जांभळ्या इरकली लुगड्यांची वाकळ मी रोज पांघरतो. तिचं तूस माझ्या केसांतून, टोपी आणि मास्क चुकवून, हजारो वर्षांच्या बर्फात जाऊन बसलं होतं! "सर, त्या थराचा एकच तुकडा उरलाय," ती म्हणाली. "मोजायचा, का हाय तसंच छापायचं?" मी म्हटलं, "मोजायचा. आधी मी डोकं धुऊन येतो." ती हसली, "शिकेकाईनं धुवा सर, चांगलं चोळून!"

दुसऱ्या मोजणीत धूळ नेहमीएवढीच निघाली. शोध गेला, समास गेला, पण बाकीच्या थरांत एकही दोरा नाही हे पाहून घेतलं, आता त्यांच्यावर मी छातीठोक बोलू शकतो. चुकलेल्या मोजणीपुढं कारण लिहिलं, 'सुती तंतू, बाहेरचे.' 'बाहेरचे' लिहिताना मात्र हात अडला.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एवढंच कबूल करतो. मोजणीच्या आदल्या रात्री आता दुकानातलं ब्लँकेट घेतो, आणि त्यात मला झोप लागत नाही.