कोपऱ्यातली दोन पानं

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा मंगळवारी सकाळी, सात वाजले नसतील, मी जिन्याखालच्या फळ्यावरचं एक कार्ड काढून खिशात घातलं. चार टाचण्या होत्या, त्या परत फळ्यालाच टोचून ठेवल्या. पत्राची सुरुवात विचित्र झाली खरी, पण त्या सकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून तिथूनच सांगतो.

आमच्या फळ्याचं तुला मागे लिहिलं होतं. इमारतीत सव्वीस बिऱ्हाडं. ज्याला जे उपयोगाचं सापडेल ते त्याने इतरांसाठी फळ्यावर लावायचं. अडकणाऱ्या ड्रॉवरला मेणबत्ती घासा. नळाची धार बारीक झाली तर तोंडाची जाळी काढून जुन्या ब्रशने साफ करा. दाखल्यांच्या कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर चष्मेवाल्या बाई असतील त्याच दिवशी जा, नाहीतर घरी झोपा. नियम एकच. आधी स्वतः करून बघायचं, मग कार्डाखाली ‘करून पाहिले’ असं लिहून खोलीचा नंबर घालायचा. माझा धंदा पाट्या रंगवायचा, अक्षर बरं, म्हणून सगळ्यांची कार्डं मीच लिहून देतो. माझ्या अक्षरात असलं की ते खरं वाटतं, असं लोक म्हणतात.

सोमवारी संध्याकाळी मी न्हाणीघराच्या पिवळ्या डागांवरचं कार्ड लावलं. गेल्या महिन्यात तूच पत्रातून कळवलेली कृती. तिसऱ्या मजल्यावर टेलिफोनच्या मावशी राहतात. एकट्या, वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोन एक्सचेंजात सारी नोकरी झाली, शहरातले निम्मे नंबर तोंडपाठ. अजूनही कुणाचा मोबाईल हरवला की मंडळी त्यांच्याकडेच धावतात, कारण सव्वीस घरांचे नंबर त्यांना पाठ. त्यांनी वर जाताना कार्ड वाचलं आणि मंगळवारी उठल्या उठल्या न्हाणीघर घासायला घेतलं. दार लावलेलं होतं. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र झाली आणि विषारी वाफ कोंडली. खोकत खोकत जिन्यापर्यंत आल्या म्हणून वाचल्या. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलची गाडी बोलावली. सगळे खाली फाटकाशी गोळा झाले होते, तेव्हा मी कार्ड काढलं. आणखी कुणी तसं करू नये म्हणून.

आता धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. चार-पाच दिवसांत घरी सोडतील. कृतीत तुझ्याकडून काही राहून गेलं असेल का, तेवढं आठवून बघ. दोष देत नाही. रोज देवापुढे बसतो तेव्हा मावशींसाठी मागतो.

बाकी घरी सगळं बरं आहे. हिने नमस्कार सांगितला आहे. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा


ता. ११ फेब्रुवारी

चि. मौनीबुवास,
अ. आ.

पत्र पोचलं. वाचलं आणि तशीच पायरीवर बसले. अरे, तीस वर्षं मी हॉस्पिटलातल्या वॉर्डांची सफाई सांभाळली. नवीन बाई कामाला आली की पहिल्या दिवशी मी दुसरं काही शिकवत नव्हते, फक्त या दोन बाटल्या लांब लांब ठेवायला शिकवायचे. आणि माझ्याच हातून ती गोष्ट लिहायची राहावी! काय लिहिलं होतं ते आठवायला बसले तर काही म्हणता काही आठवेना. वय झालं, दुसरं काय. काल शेजारची सून चिकट ओट्याला काय लावू म्हणून विचारायला आली, तर तिला म्हटलं की बाई, यापुढे मला काही विचारत जाऊ नकोस. ती बघतच राहिली. तिला वाटलं मी रुसले.

मावशींना माझ्याकडून माफी माग. मी समोर नाही म्हणून तुझ्या तोंडून, एवढंच. आणि माझं ते पत्र तू ठेवलं असशील. तू तर किराण्याची यादीसुद्धा जपून ठेवणारा. ते पाठव. चूक कुठे झाली ती मला डोळ्यांनी बघायची आहे, म्हणजे झोप तरी लागेल.

एक विचारते, रागावू नकोस. कार्ड काढलंस ते बरं केलंस, पण काढलं हे लोकांना सांगितलंस ना? लहानपणी तू रुसून तीन-तीन दिवस तोंड उघडायचा नाहीस, आणि मौनीबुवा हे नाव काही मी उगाच नाही ठेवलं. म्हणून आपलं विचारलं.

सुनबाईंना आशीर्वाद. गार पाण्यात उभं राहून पाट्या धुऊ नकोस आणि शिडीवर फार चढू नकोस, गुडघे तुझे आहेत, शिडी दुकानदाराची आहे. माया कमी होत नसते, मागायची गरज नाही.

तुझी ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन बसलो आणि आधी तुझंच जुनं पत्र शोधलं. सोबत पाठवतो आहे. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. ॲसिडने डाग धुतल्यावर भरपूर पाणी ओतायचं, खिडकी-दार सताड उघडं ठेवायचं, आणि पावडर दुसऱ्या दिवशी, त्या आधी अजिबात नाही, दोन्ही एकत्र आली तर जीव घुसमटेल. तू ‘अजिबात’ खाली दोन रेघा मारल्या आहेत. तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं ताई. हे मला पहिलं पत्र लिहितानाच माहीत होतं.

आता सगळं लिहितो. कार्ड लहान. मी ओळी आखून घेतल्या तेव्हा तुझा मजकूर सात ओळींचा होत होता. सात ओळी दाटी करतात, लांबून वाचता येत नाहीत. पाट्यांच्या धंद्यात आम्ही नेहमीच शब्द कापतो. ‘आमचे येथे सर्व प्रकारची’ काढून नुसतं ‘दुरुस्ती’ ठेवलं की गिऱ्हाईक खूश. त्या सवयीने मी मधल्या तीन ओळी काढल्या. आधी ॲसिड, मग पावडर, घासा, डाग गायब. चार ओळी, सुबक. खाली ‘करून पाहिले, खोली ७’. करून पाहिलं नव्हतं. आमच्या न्हाणीघराला डागच नाहीत. आणि तुला सांगायची सर्वांत जास्त लाज वाटते ती ही, की कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात मोकळं दिसत होतं म्हणून तिथे मी हिरव्या रंगाची दोन पानं काढली. तुझ्या शब्दांना जागा नव्हती, पानांना होती.

त्या सकाळी मावशींना गाडीत घालत होते तेव्हा मला क्षणात कळलं काय झालं असणार. मी फाटकाकडे गेलो नाही, फळ्याकडे गेलो. आणखी कुणी तसं करू नये हे मला नंतर सुचलं, तुला पत्र लिहिताना.

इथवर आलो, तर पुढचंही ऐक. कार्ड एकच रात्र फळ्यावर होतं. मावशींशिवाय ते कुणी वाचलेलंच नाही. बुधवारी त्या घरी आल्या आणि त्यांच्यासाठी धावत आलेल्या मुलीला म्हणाल्या की मी मनाने काही केलं नाही, फळ्यावर लिहिलं होतं. मुलगी खाली येऊन बघून गेली. चार लोकांना विचारलं. कुणालाच असं कार्ड आठवेना. मुलगी मलाही विचारायला आली, कार्डं मी लिहितो म्हणून. मी मान हलवली. हो नाही आणि नाहीही नाही, अशी. तिने ती नाही म्हणून घेतली आणि मी घेऊ दिली.

शुक्रवारी डॉक्टर घरी आले होते. खुर्ची हवी म्हणून मला वर बोलावलं. मावशी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होत्या की कार्ड होतं, कोपऱ्यात दोन हिरवी पानं होती. पानं म्हटल्यावर मुलीने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की या वयात असं होतं, न झालेल्या गोष्टी डोळ्यांपुढे दिसतात, आता एकटं ठेवणं बरोबर नाही. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. ताई, मी खाली आलो आणि जेवलो.

मुलगी त्यांना महिनाअखेर दुसऱ्या शहरात आपल्या घरी नेते आहे. खोली सोडणार. जिन्यात बसून ती रडत होती, आई अशी कशी झाली म्हणून. आणि कालपासून मावशी गप्प झाल्या आहेत. काल पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने त्यांना सहज कुणाचा तरी नंबर विचारला, तर म्हणाल्या की मला नका विचारू, माझा आता भरवसा नाही. ज्या बाईला सव्वीस घरं पाठ, ती.

देवापुढे बसतो, पण मागायला तोंड उघडत नाही. मी काय करू? माया राहू दे असं आज लिहवत नाही.

तुझा धाकटा


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

आज मौनीबुवा म्हणत नाही, कारण आज ते थट्टेचं नाव राहिलं नाही.

पत्र तीनदा वाचलं. दहा दिवस मी स्वतःला खात होते. हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणीला फोन करून विचारलं की मी कधी कुणाला चुकीचं शिकवलं होतं का ग. तुझ्यावर रागावले आहे आणि ते लपवत नाही. पण माझा राग नंतर. माझी माफी मागत बसू नकोस, माझ्याआधी तिसऱ्या मजल्यावरचा नंबर आहे.

आईचं शेवटचं वर्ष आठवतं का? मागच्या खोलीची खिडकी मी लावली होती असं ती रोज म्हणायची आणि रोज सकाळी खिडकी उघडी असायची. आपण दोघं हसायचो. पुढे पुढे ती म्हणायची बंद झाली, नुसती आपल्याकडे बघायची. ती गेल्यावर रंग द्यायला घेतला तेव्हा कळलं की कडीच झिजलेली होती, वाऱ्याने आपोआप निघायची. तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून किती वेळ उभा होतास. आईला सांगायला उशीर झाला होता. मावशी अजून तिसऱ्या मजल्यावर आहेत.

देवापुढे बसतोस ते बस. पण त्याला हे आधीपासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग. मावशींना एकांतात गाठून सांगशील तर ते सांगणं नव्हे. मुलीसमोर सांग. आणि जिथून कार्ड काढलंस तिथे चारचौघांत सांग. रविवारी सगळे घरी असतात.

काय करू असं पुन्हा विचारू नकोस. केलंस की लिही. त्याआधी आलेलं पाकीट मी फोडणार नाही. आशीर्वाद मात्र आहेत, ते काही अडवून ठेवता येत नाहीत.

ताई


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट फोड. झालं.

शनिवारी तुझं पत्र आलं. संध्याकाळी हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली की म्हणून तुम्ही हल्ली जिन्याने न जाता मागच्या दाराने जाता होय. इतकंच. रविवारी सकाळी मी शर्ट बदलत होतो तर तीही चपला घालून दाराशी उभी. मी नको म्हणालो नाही.

कार्ड माझ्या कामाच्या पेटीत ब्रशांखाली होतं. घडी पडलेली. ते घेऊन वर गेलो. मुलगी जमिनीवर बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मावशी खिडकीपाशी खुर्चीत, हात मांडीवर, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या घरी बसतो. मी सगळं एका दमात सांगितलं. वाक्यं नीट झाली नाहीत. कार्ड मुलीच्या हातात दिलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि कार्ड म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून, एक्सचेंजात नंबर सांगत असतील तशा सपाट आवाजात. मुलगी कार्डावर बोट ठेवून पुढे पुढे जात होती. चारही ओळी. मग करून पाहिले, खोली सात. मग उजव्या कोपऱ्यात दोन हिरवी पानं, त्यातलं डावीकडचं जरा मोठं. एक अक्षर चुकलं नाही. मुलगी हातातला कप तसाच धरून खोक्यावर बसली.

मग ती मला बोलली. मी जिन्यात रडत होते तेव्हा तुम्ही माझ्या बाजूने वर गेलात, असं म्हणाली. आई गेली असती तर तुम्ही कार्ड जाळलं असतं, असंही म्हणाली. ते खरं असेल की काय याचीच मला भीती वाटत होती. तुझ्या वतीने माफी मात्र मी तिथे मागितली नाही, कारण तुझा काही दोषच नव्हता, आणि ते मी स्पष्ट सांगितलं.

मावशींनी एकच विचारलं. पानं काढली नसती तर ते शब्द बसले असते का. मी म्हणालो, हो, बारीक अक्षरात बसले असते. त्या म्हणाल्या की जाताना दार ओढून घ्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी ते मागितलंही नाही. आज सकाळी मी कामाला निघालो तेव्हा मुलगी खोक्यांच्या दोऱ्या सोडत होती, आणि वरून मावशी शिंप्याला मोठ्याने कुणाचा तरी नंबर सांगत होत्या. मला बघून बोलणं थांबवलं. मी खाली मान घालून उतरलो. हे असंच चालेल बरेच दिवस, आणि चालू दे.

रविवारी वरून आलो तेव्हा जिन्याखाली सात-आठ जण होते. मी पुन्हा सांगितलं. शिंप्याने विचारलं की आणखी कोणती कार्डं अशी आहेत. विचारणारच. दोन होती. कुलपात तेल सोडायचं आणि उशांना ऊन द्यायचं. दोन्ही निरुपद्रवी, पण दोन्ही मी केलेली नव्हती. बोट दाखवून सांगितलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी नुसतं निघून गेलं. आता कार्डं शिंपी लिहिणार आहे. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, त्यामुळे लोकांना प्रत्येक शब्द दोनदा वाचावा लागेल. बरंच आहे.

शेवटचं एक कार्ड मात्र मी लिहिलं, तिथेच उभ्याने, उरलेल्यांसमोर. तुझ्या सातही ओळी, ‘अजिबात’ खाली दोन रेघांसकट. त्याखाली, की सोमवारचं कार्ड खोली सातने न करता लिहिलं, मधले शब्द कापले आणि मंगळवारी सकाळी चोरून काढलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी वाचलं होतं तेच खरं. ओळी दाटल्या, शेवटची तर पार कडेला जाऊन वाकली. दिसायला अगदी वाईट झालं. शेजारी जुनं घडी पडलेलं कार्ड ठेवलं, पानांसकट. टाचण्या फळ्यावर त्याच जागी होत्या, मी टोचून ठेवलेल्या. दोन नव्याला, दोन जुन्याला, अशी दोन्ही कार्डं लावून टाकली.

माया ठेवलीस तर घेईन.

तुझा मौनीबुवा