छत्रीवालीच्या नावापुढची दुसरी सही

प्रिय वन्सं,

निखिल उद्या येतोय. यंत्र न्यायला येणार होता, आता नुसता जेवायला येतोय. हे असं का झालं ते तुम्हाला कळवायलाच हवं, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ तुम्ही आहात. तुम्ही होतात तोवर या घरात शेवटचा शब्द माझा असायचा. जाताना तो तुम्ही रजिस्टरात लिहून ठेवलात आणि मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीत. हे काही बरं केलं नाहीत!

आठवतंय, निखिल बंगळुरूच्या नोकरीला निघाला तेव्हा त्याचं ते खेळाचं यंत्र टीव्हीखाली तसंच राहिलं होतं? मी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला होता. पुढे तुम्ही चाकणच्या कंपनीतून निवृत्त झालात. एकोणतीस वर्षं पहाटेची कंपनीची बस, ब्रेकच्या सुट्या भागांची तपासणी, खिशात मापं घ्यायचं गेज. सात दिवस तुम्ही झोपून काढलेत आणि आठव्या दिवशी रुमाल घडी करून बाजूला ठेवलात.

मी किती चिडले होते! संत तुकाराम नगरातली निवृत्त बाई सकाळी बागेत चालते, फार तर देहूला जाऊन घाटावर बसते. टीव्हीसमोर बसून मारामाऱ्या करत नाही.

"वहिनी, चिडतेस काय? बघ तरी," तुम्ही म्हणालात. "ही सगळी वेगवेगळ्या खेळांतली माणसं आहेत. हा मोटारींच्या शर्यतीतला, ही शेतीच्या खेळातली, तो बेडूक आणखी कुठला. इथे सगळ्यांना एकत्र आणलंय."

"एकत्र आणून भांडायला लावलंय!"

"आमच्या लाइनवर लातूरचा, सावंतवाडीचा आणि बिहारमधल्या छपऱ्याचा एकाच मशीनवर उभे केले की काय होतं? आधी भांडतात. मग डबे एकत्र उघडतात."

मग मी विचारलं की भांडायला दोन माणसं लागतात, तुम्ही एकट्याच कुणाशी भांडताय? आणि तुम्ही मला तो एकट्याने खेळायचा प्रकार समजावलात. मी ऐकत नसल्यासारखं करत होते, पण शब्द न् शब्द ऐकला. एक मोठा नकाशा, त्यावर धुकं. सगळ्या लढवय्यांवर कुणा राक्षसाने भूल घातलेली. सुरुवातीला तुमच्या हाताशी एकच माणूस. त्याला घेऊन वाटेत जो भेटेल त्याच्याशी लढायचं. तो हरला की त्याची भूल उतरते आणि तो तुमच्या बाजूला येतो. पुढची लढाई मग त्याला घेऊनही लढता येते. तेवढं धुकं हटतं, नवी वाट दिसते, आणि सगळे सुटले की शेवटी राक्षस.

"म्हणजे मार बसला की शहाणपण येतं?" मी म्हणाले. "छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पट्टी घेऊन फिरायच्या ना?"

"म्हणून तर मी शहाणी झाले नाही!"

केवढ्या हसला होतात तुम्ही. तुमचा भाऊ गेल्यापासून या घरात तसं हसू ऐकलं नव्हतं. पण मी लगेच स्वयंपाकघरात निघून गेले. मला हसताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच होतं.

त्यानंतर तुम्ही खेळाचा दुसरा रिमोट आणलात. "दुसरा कशाला? एकट्याचा खेळ आहे ना?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "यातही सोबतीला एक जण येऊ शकतो. तू नुसता धरून बस, लढाई माझी." मी म्हणाले, "एकट्याचा खेळ आहे, एकट्या खेळा." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन, वन्सं? तुम्ही रोज दुपारी चारला विचारायचात आणि मी रोज तेच म्हणायचे. तुम्ही दोन्ही रिमोट रोज चार्ज करून ठेवायचात. एकदा तरी मला रागावून का नाही विचारलंत?

एक दिवस मात्र मी पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी होती. ताठ मान, मागे घट्ट अंबाडा, हातात काळी छत्री. शब्दकोड्यांच्या कुठल्याशा खेळातली मास्तरीण म्हणे.

"ही मी आहे का?" मी दारातूनच विचारलं.

"छे! चालते तेवढी तुझ्यासारखी."

"हरवा बघू तिला!"

"हिची घाई नाही," तुम्ही म्हणालात आणि नकाशावर तिला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने गेलात.

मग फेब्रुवारी आला. दुपारी जेवून आडव्या झालात त्या पुन्हा उठलाच नाहीत. चहा गार झाला म्हणून मी तुमच्यावर ओरडायला आले होते. माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं ते ओरडणं! हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

रजिस्टर मला दिवाणाखाली सापडलं. निळ्या पुठ्ठ्याचं, कंपनीत वापरायचात तसंच. खेळातली सगळी माणसं त्यात तुम्ही मालासारखी तपासली होतीत. बेडकाबद्दल लिहिलं होतं: "उंच उडी, उतरताना बेसावध. सोडला." शर्यतवाल्याबद्दल: "वेग जास्त, डोकं कमी. सोडला." प्रत्येकापुढे दोन रकाने, तपासणाऱ्याची सही आणि सोडणाऱ्याची सही. दोन्हींत तुमचीच. मला नवल वाटलं. तुमच्या कंपनीचा नियम तर तुम्ही मला शंभरदा ऐकवला होतात, की ज्याने तपासलं त्याच्या एकट्याच्या सहीवर माल बाहेर जात नाही, दुसऱ्याने बघून सही करायचीच. साहेबाने घाई केली तरी तुम्ही ऐकलं नव्हतं. आणि घरी नियम मोडलात?

शेवटच्या पानावर कळलं, एका ठिकाणी मोडला नव्हता. "छत्रीवाली. मोजमाप बरोबर. होल्ड. सोडणाऱ्याची सही: वहिनी."

म्हणजे पास नाही, नापासही नाही. पिवळं कार्ड लावून बाजूला ठेवलेला माल! मला होल्डवर ठेवलं होतंत तुम्ही. मी तणतणत घरभर फिरले. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून आणखीच राग आला.

आणि गेल्या सोमवारी निखिलचा फोन. "आई, रविवारी येतोय. ते मशीन नेतो. सगळं पुसून नव्याने सुरू करीन."

"काय पुसणार?"

"आत्याचा खेळ. तो आता कोण खेळणार?"

"मी."

"तू?" तो इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "आई, तुला रिमोट सरळ कुठल्या बाजूने धरायचा ते तरी माहितीये का?"

"नसेल माहीत तर सांग. माझ्या बोटांना कुणी निवृत्त केलेलं नाही."

सांगितलं त्याने, बिचाऱ्याने. पण रविवारची तारीख काही मागे घेतली नाही. सोमवार ते रविवार, हातात सहा दिवस. त्यात ती म्हातारी सुटली नसती तर तुमचा सगळा नकाशा पुसला गेला असता आणि ती कायमची धुक्यात राहिली असती. खोटी, पडद्यावरची म्हातारी! मला तिची एवढी काळजी का वाटावी?

पहिले दोन दिवस मी फक्त पडले. तुम्ही हे सांगितलं नव्हतंत की इथे माणूस मरत नाही. जितका मार खातो तितका हलका होतो, आणि शेवटी एका फटक्यात चबुतऱ्यावरून बाहेर भिरकावला जातो. मी तुमचा बेडूक घेतला. बाहेर. शर्यतवाला घेतला. बाहेर. म्हातारी छत्री उघडायची, माझा प्रत्येक फटका तिच्यावर आपटून मलाच लागायचा. "मूर्ख बाई!" मी ओरडले. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, त्यांनाच म्हटलं.

गुरुवारी मी शेवटी रजिस्टर नीट वाचलं. 'होल्ड'च्या खाली बारीक अक्षरात तुमची सूचना होती. "छत्री उघडली की लढू नये. उत्तर देऊ नये. थांबावं. फार वेळ उघडी ठेवता येत नाही तिला. मिटली की जवळ जावं."

वन्सं, मी चष्मा काढून बसले. चौतीस वर्षं आपण एका घरात राहिलो. मी चिडले की तुम्ही मटार सोलायला घ्यायचात, हूं की चूं करायचा नाहीत. मला वाटायचं, या बाईला काही लागतच नाही. मग अर्ध्या तासाने चहा घेऊन यायचात आणि भलताच विषय काढायचात. तो अर्धा तास तुम्ही मोजत होतात होय? हे मला सांगायला काय झालं होतं? सांगितलं असतंत तर मी भांडले असते, हेही खरंच म्हणा.

शुक्रवारी चारला बसले. शेतीच्या खेळातली ती मुलगी घेतली, तुम्हाला आवडायची ती. म्हातारीने छत्री उघडली. मी हात मांडीवर ठेवले. माझ्या हातांना ते किती जड गेलं म्हणून सांगू! ती फणकारत उभी राहिली. मी थांबले. छत्री मिटली. मी पुढे गेले, एक टोला, आणि मागे. पुन्हा छत्री, पुन्हा थांबणं. सातव्या की आठव्या वेळी ती चबुतऱ्यावरून उडाली, तेव्हा मी किंचाळले. सिस्टरांनी शिकवलं होतं, जिंकणाऱ्याने ओरडायचं नाही. माफ करा, सिस्टर.

मग तिची भूल उतरली. तिने छत्री बगलेत घेतली, आपल्या माणसांच्या रांगेत जाऊन बेडकाशेजारी उभी राहिली आणि मान किंचित वाकवली. मी एवढी छान कधीच वाकवत नाही.

मी निखिलला फोन केला. "सुटली," म्हटलं. तो म्हणाला, "आई, मशीन राहू दे तुझ्याकडे. मी नवीन घेईन. रविवारी पुरणपोळी कर."

काल मी रजिस्टर उघडून सोडणाऱ्याच्या रकान्यात सही केली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी, पूर्ण नावाची, खाली रेघ मारून. तुमच्या सहीशेजारी ती जरा मोठीच झाली आहे. असू दे.

धुकं सगळं गेलंय. आता फक्त राक्षस उरलाय. त्याच्यासाठी मी पानावर नवीन ओळ आखली, तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घातलं. पलीकडचा रकाना रिकामा आहे. मी तुम्हाला शब्द देते, वन्सं, तो मी स्वतः भरणार नाही. या घरात यापुढे एकटीच्या सहीवर काही सुटणार नाही.

कुलकर्णीबाईंना सोमवारी चारला बोलावलंय. म्हटलं, नुसता धरून बसा, लढाई माझी. त्या म्हणाल्या, "इश्श, मी नाही बाई हात लावणार असल्या गोष्टींना."

मी दोन्ही रिमोट चार्जिंगला लावले आणि मटार सोलायला घेतले.

तुमची,
वहिनी