हॉर्नचा फ्यूज बसवला आहे

बाळ्या,

गाडी घेऊन चालले आहे. हॉर्न वाजतो.

तो बंद पडला म्हणून सकाळी तुझ्या लेकीला घेऊन फ्यूज शोधायला बसले. आधी चावी काढून घेतली, मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत छापलेल्या नकाशावर भोंग्याचं चित्र तिनेच शोधलं. तिला म्हटलं, "आता त्या जागेचा फ्यूज चिमट्याने ओढ आणि आतली तार तुटली आहे का बघ." तर म्हणते, "आजी, इथे काहीच नाही!"

जळलेला फ्यूज जागेवरच बसून राहतो, बाळ्या. आपल्या पायांनी कुठे जात नाही. हॉर्नशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे तुला मीच शिकवलं. माझाच धडा मलाच?

डबीत जादा फ्यूज होते. नकाशात पंधरा अँपिअर लिहिलं होतं, म्हणून पंधराचाच घेतला. लेकीने तो अंगठ्याने दाबून बसवला आणि हॉर्न इतका वाजवला की समोरच्या काकू गॅलरीत आल्या. ती आता त्यांच्याकडेच आहे, जेवली आहे.

परवा माझ्याकडून फाटकाला गाडी घासली, हे खरं. तुला भीती वाटली तर तोंडावर बोलायचं. चोरून फ्यूज काय काढतोस?

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे जाते आहे. ते शेजारी बसून माझी परीक्षा घेतील. त्यांनी नको म्हटलं, तर चावी तुझ्या हातात ठेवेन. तू म्हणतोस म्हणून मात्र ठेवणार नाही.

बघायचं असेल तर तिकडे ये. मागच्या सीटवर जागा आहे. तोंड उघडायचं नाही.

आई