दोष आढळला नाही

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी ठीक असाल. ‘इकडे सगळे मजेत’ असं लिहायची पद्धत आहे. इकडे मी एकटीच असते आणि मजेत नाही, पण तब्येत बरी आहे.

तुमच्याकडे राहिलेली माझी बॅग वहिनीने पाठवली, ती मिळाली. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तुझं अक्षर होतं: ‘धांदलबाई, आतला डबा जपून उघडा, चावेल.’ डबा मी न उघडताच फेकला. झाकण फुगलं होतं. ऑफिसला नेलेलं कुठल्यातरी शुक्रवारचं जेवण असावं. कचऱ्यात टाकताना उमासा आला. तेव्हा वाटलं, वासानेच आला.

परवा तुमच्याकडे मी जेवणावरून न सांगता का उठले, एवढं काय मनाला लागलं, असं तू विचारलंस. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू माझं वाक्य तोडतोस, मी तुझं तोडते, आणि शेवटी आपण भलत्याच गोष्टीवर हसत बसतो. कागदावर मध्ये बोलता येत नाही, म्हणून पत्र.

कामाचं ठीक चाललंय. रुग्णालयाच्या तळघरात आमची दुरुस्तीची खोली आहे. सध्या माझ्याकडे रोग्याच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप असतात. शेजारच्या टेबलावर एक ताई बसतात, वयाने आईएवढ्या. कुणी बोलत असताना मी मध्ये घुसले की त्या नुसता हातातला स्क्रू-ड्रायव्हर उभा धरतात. मी थांबते. समोरच्याचं बोलून झालं की तो खाली येतो. आता मला तो न बघताही दिसतो. मागे साहेबांनी माझ्या एका अहवालाखाली ‘पुन्हा तपासा’ एवढंच लिहिलं, तर मी सामानाच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नोकरी गेलीच, अशी माझी खात्री झाली होती. ताई दारात आल्या, म्हणाल्या, “एक आकडा चुकलाय गं, चल, चहा निवतोय.” एवढ्यावर ते संपलं. तिथे माझी गोष्ट कुणी करत नाही.

आमच्याकडे सगळ्यात वाईट यंत्र कुठलं, सांगू? बंद पडलेलं नव्हे, ते सोपं असतं. वाईट ते, जे कधी चालतं, कधी चालत नाही. वॉर्डातल्या नर्स शपथेवर सांगतात की पंप मध्येच थांबतो. आमच्या टेबलावर तो दिवसभर शहाण्यासारखा चालतो. मग आम्ही ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून तो परत पाठवतो, आणि तो पुन्हा कुणाच्या तरी उशाशी जाऊन थांबतो. नवीन असताना अशा चिठ्ठ्या मीही लावल्या. आता लावत नाही. पंप ठेवून घेते आणि बघत बसते.

विषय बदलत नाहीये, दादा. छोटीच्या शाळेतून काय शेरा आला ते वहिनीने सांगितलं. ‘मनात आणलं तर सगळं येतं तिला.’ तू म्हणालास, म्हणजे काही नाहीये, नुसता आळस.

मला गेल्या वर्षी डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे मेंदूची घडणच अशी की लक्ष एका जागी टिकत नाही. तुम्हाला कुणालाच बोलले नाही. रोज सकाळी एक गोळी घेते. तिने मी वेगळी कुणी होत नाही. एवढंच की सुरू केलेलं वाक्य संपेपर्यंत मी तिथेच असते. कपडे अजूनही मशीनमध्ये कुबट होतात, तेच पुन्हा धुते. डब्याचं तर तू बघितलंसच. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला लहानपणी जवळून पाहिलेलं घरचं कुणी आणा, त्यांच्याशी बोलायचंय. मी सांगितलं, असं कुणी नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस, किंवा घे. मला खात्री होती, तू त्यांना बर्फाची गोष्ट सांगितली असतीस.

परवाही तू ती सांगितलीस. तुझ्या साखरपुड्याला मला बर्फ आणायला पाठवलं, वाटेत कुणाचा तरी रेडिओ उघडलेला दिसला, मी तो दुरुस्त करत बसले आणि पिशवीभर पाणी घेऊन आले. तू आता उठून अभिनयही करतोस. माझ्यासारखी मान वाकडी करतोस, गळणारी पिशवी धरतोस. वहिनीच्या भावाला हसता हसता ठसका लागला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. मला ते सवयीने येतं. मान मागे, तोंडावर हात, इतरांच्या जरा नंतर. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा माझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते, ते मात्र तुझ्या गोष्टीत कधी येत नाही.

मग तू छोटीकडे वळलास. हिने यंदाची कितवी पाण्याची बाटली हरवली ते मोजायचं सोडून दिलंय, म्हणालास. आत्यावर गेलीय, धाकटी धांदल. आणि ती हसली.

मान मागे. तोंडावर हात. जरा नंतर.

मी हात धुवायला उठले तर ती मागे आली. म्हणाली, “आत्या, तुझं हसणं मला जमतं आता. आरशात करून बघितलं.”

मी विचारलं, “कशाला गं?”

“तसं हसलं की बाबा लवकर थांबतो.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. बुटाची नाडी बांधता यायला लागली, तसं सांगितलं. मग तिने मला पुन्हा एकदा करून दाखवलं, चांगलं जमलंय का विचारलं. बेसिनवरच्या आरशात आम्ही दोघी होतो. मी चप्पल घातली आणि निघाले.

तुझा राग आला नव्हता. राग बरा, तो उतरतो. मला किळस आली. तुझ्या प्रेमळ आवाजाची, त्या टाळ्यांची, आणि सगळ्यात जास्त माझ्या हसण्याची. इतकी वर्षं ते माझ्या तोंडावर होतं तोवर मला दिसलं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडावर ते बघवत नाही. तो डबा उघडल्यासारखं झालं. मीच भरलेला, मीच विसरलेला.

आणखी एक लिहायचं होतं. तुझ्या किल्ल्या रोज हरवतात. वहिनी हातातल्या पोळ्या सोडून त्या शोधते आणि तुझ्या हातात देते. त्याची गोष्ट अजून कुणी केलेली नाही. का, ते तू बघ.

छोटीला डॉक्टरांकडे ने. आळस निघाला तर माझं नाक काप. ते तिथेही जवळून पाहिलेलं कुणी मागतील. तुम्ही दोघं सांगालच, पण मलाही बोलव. बाटली कुठे राहते, हाक मारल्यावर ती कुठून परत येते, हे मला आतून माहीत आहे. सुट्टी घेऊन येईन. वेळ चुकू नये म्हणून ताईंना सांगून ठेवीन.

तोपर्यंत तिला त्या नावाने हाक मारू नकोस. मलाही नको. आणि बर्फाची गोष्ट सांगायचीच असेल तर माझ्यासमोर सांग. मी येईन, टेबलाशी बसेन, पूर्ण ऐकेन आणि हसणार नाही. छोटीला माझ्या समोरच्या खुर्चीवर बसव. ती माझं एवढं शिकलीय, तर हेही बघू दे.

वहिनीला नमस्कार. डबा नवा घ्यावा लागेल.

तिची आत्या