परिषदेतला पुकारा

आबा, जळगावहून परत येऊन दोन दिवस झाले, तरी तोंडाची गेलेली चव अजून परत आलेली नाही. तुम्हाला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं कधी मनात आलं नाही. आपल्या घरात कोणी कोणाला पत्र लिहीत नसे. पण परवा जे पाहिलं ते इथे कोर्टात कोणाला सांगण्यासारखं नाही. निम्मे वकील स्वतः तिथे हजर होते आणि उरलेल्यांना निमंत्रण आलं नाही याचं दुःख आहे.

परिषद होती, आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क या विषयावर. तुमच्या वेळी हे शब्द धुळ्याच्या कोर्टात कोणी उच्चारत नसे. आता लग्नसराईसारखा त्यांचाही हंगाम असतो. मांडव, बॅनर, प्रत्येकाला एक फाइल, फाइलमध्ये कोरे कागद आणि एक पेन. मी आजवर अशा चार-पाच ठिकाणी जाऊन बसले असेन. कंटाळा यायचा, चीड यायची नाही. या वेळी मात्र मला किळस आली, आणि ती तुमच्यामुळे आली असं मला वाटतं.

शाळेला सुट्टी असली की मी देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून तुमचा डबा घेऊन कोर्टात यायची. तुम्ही शिपायाचा पट्टा लावून दाराशी उभे असायचात. आतून नाव आलं की लगेच पुकारत नव्हतात. कागदावर बहुतेक वेळा अर्धंच नाव असायचं, खेड्यातल्या गरीब माणसाचं तर तेवढंही नाही. तुम्ही व्हरांड्यात जाऊन त्याला बापाचं नाव, गाव विचारून यायचात आणि मग सगळं मिळून खणखणीत पुकारायचात, तीनदा. आतले साहेब वैतागले तरी तीनदा. मी एकदा विचारलं होतं, समोर बसलेल्या माणसाला तीनदा कशाला हाक मारायची? तुम्ही म्हणालात, "एकदाना पुकारा तो पुकारा नही." एका दुपारी तुम्ही मला बाकावर कोण बसलंय ते पाहायला पाठवलंत. मी येऊन सांगितलं, दोन भिलिणी बसल्यात. तुम्ही डब्याचं झाकण परत लावलंत. "नाव इचारी ये. मानूसले नाव ऱ्हास." मी विचारून येईपर्यंत तुम्ही डबा उघडला नाही. त्यानंतर तुम्ही मला कधी रागावल्याचं आठवत नाही. पण ते झाकण अजून आठवतं.

आणि मला सनद मिळाली तो दिवस. आई चुलीपुढे कळण्याची भाकरी थापते आहे, मी ताटं मांडते आहे, आणि तुम्ही कोर्टातून येऊन पट्ट्यासकट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहता. माझं नाव, तुमचं नाव, आडनाव आणि शेवटी 'वकील', असा पुकारा करता. शेजारच्या घरातली माणसं बाहेर येतात. आई म्हणते, "लोके काय म्हनतीन?" तुम्ही म्हणता, "म्हनू दे. आज मनी पोर हाजीर शे," आणि आणखी दोनदा पुकारता. इतर मुलींना वडिलांनी घड्याळं दिली, साड्या दिल्या. मला ते मिळालं. तेव्हा लाज वाटली होती.

माझ्याकडे दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली बाई येते. मजुरी करते. तिचं नाव मी या कागदावर लिहीत नाही. कागदावर पडून पडून त्या नावाची काय गत झाली ते मी पाहिलं आहे. तिच्या नवऱ्याला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून आठवडे बाजारातून उचलून नेलं आणि तिसऱ्या दिवशी प्रेत ताब्यात दिलं. आजाराने मेला म्हणून चौकशी बंद झाली. त्या चौकशीत हिचा जबाब कोणी घेतलाच नाही. त्याला शेवटची अंघोळ हिने घातली होती, तळपायांवरचे वळ हिने पाहिले होते. चौकशी पुन्हा उघडावी आणि आपलं कोणी ऐकावं, एवढंच तिचं मागणं आहे. मी अर्ज करते, ते परत येतात.

परिषद भरवणारे जळगावचे एक ज्येष्ठ वकील. त्यांचा फोन आला. "तुमची ती दोंडाईच्याची केस आहे ना मॅडम, त्या बाईला घेऊन या. पॅनेल चर्चेत दहा मिनिटं देऊ. निवृत्त न्यायमूर्ती येताहेत. त्यांनी मनावर घेतलं तर वर एक शब्द टाकतील, तुमचं काम होऊन जाईल." मी तिला निरोप पाठवला. ती सकाळच्या पॅसेंजरने आली, धुतलेलं लुगडं नेसून. स्टेशनवरून चालताना मला म्हणाली, "आंघोय मी घाली. पाय मी दखात. साहेबले तेवढंच सांगनं शे."

दारात तबकं घेऊन मुली उभ्या होत्या. मला कुंकू लावलं, अत्तर लावलं, गुलाबाचं फूल दिलं. तिच्यापाशी आल्यावर एकीने दुसरीकडे पाहिलं आणि तबक मागे घेतलं. विधवेला कुंकू लावायचं नाही हे त्यांना घरी शिकवलेलं. पण फूलही दिलं नाही. वर बॅनरवर थर्माकोलची अक्षरं होती, 'मानवी प्रतिष्ठा'. मी माझं फूल तिला दिलं. तिने ते पदराला बांधून टाकलं.

मग समई, स्वागतगीत, शाली, नारळ. एकाने दुसऱ्याला हार घालायचा, दुसऱ्याने पहिल्याला. प्रत्येकाचा परिचय, आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय. बराच वेळ पाहून तिने मला हळूच विचारलं, "ताई, आठे कोनं लगीन शे?" मला हसू आलं, आणि त्या दिवसातलं ते शेवटचं. कार्यक्रमपत्रिका तिला वाचता येत नव्हती ते बरं झालं. वक्त्यांची नावं पदव्यांसकट छापली होती आणि सगळ्यांत खाली 'एक पीडित महिला' असं होतं.

जेवणाला पाहुण्यांची पंगत पडद्याआड. वकीलसाहेब मला म्हणाले, "तुम्ही इकडे या मॅडम, तिला मागे वाढायला सांगितलंय." मी मागे गेले. भरीत-पुरी होती. तिने थोडंच खाल्लं आणि विचारलं, "साहेब जेवना का? भुक्या मानूस नीट आयकत नही."

पॅनेल चर्चा त्यानंतर सुरू झाली. कोठडीतील मृत्यू हा विषय. एक बाई परदेशातल्या परिषदेला जाऊन आल्या होत्या. त्यांनी तिथलं तळं, तिथली शिस्त, तिथली थंडी सांगितली आणि आपल्याकडे लोकांना स्वतःचे हक्कच ठाऊक नसतात अशी खंत व्यक्त केली. दुसऱ्याने इंग्रजी निबंध वाचला. वाचताना त्याची दोन पानं एकदम उलटली गेली, ते त्याच्या ध्यानात आलं नाही आणि इतर कोणाच्याही नाही. न्यायमूर्ती मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. ही पहिल्या रांगेच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, प्रत्येक वक्ता खाली बसला की थोडी पुढे सरकायची. मी दोनदा चिठ्ठी पाठवली. दोन्ही वेळा वकीलसाहेबांनी वरून मला हाताने 'थांबा' केलं.

शेवटी चर्चेचे अध्यक्ष उठले. "वेळेअभावी आपल्याला आवरतं घ्यावं लागत आहे. आपल्यात आज एक पीडित भगिनी उपस्थित आहेत. त्यांच्या उपस्थितीनेच सर्व काही सांगितलं आहे. त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या प्राध्यापकांनी तर वळून तिच्याकडे पाहत वाजवल्या, कीर्तनात वाजवाव्यात तशा.

आबा, मी कधी मोठ्याने बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मी उठून दाराशी गेले आणि पुकारलं. तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, गाव. टाळ्या थांबल्या. न्यायमूर्तींनी डोळे उघडले. आणि ती उभी राहिली. दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तिला तेवढं कळलं होतं, नाव आलं की उठायचं. डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून ती म्हणाली, "हाजीर शे, साहेब."

अध्यक्ष हसले. "मॅडम, हे कोर्ट नाही," असं मला म्हणाले आणि मागे वळून कोणाला तरी खूण केली. टेपवर राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. ती आधीच उभी होती, पण आता सगळ्यांमध्ये तेही दिसेनासं झालं. गीत संपलं तेव्हा न्यायमूर्तींना गाडीकडे नेत होते. त्यांना रेल्वे गाठायची होती. फोटोवाल्याने मात्र तिला जाऊ दिलं नाही. वक्त्यांच्या मध्ये उभी करून फोटो घेतला. तो बहुधा अहवालात छापतील.

स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. मला वाटत होतं ती रडेल, किंवा मला बोलेल. तिने पदराचं फूल सोडून पाहिलं, चुरगळलं होतं, ते बाकावर ठेवलं. म्हणाली, "आते पुढली तारीख कव्हय शे, ताई?" मी म्हटलं, कळवते. पुढची तारीख नाही, कारण ही तारीखच नव्हती, हे मला सांगता आलं नाही.

हे कागद मी तिच्याच फाइलमध्ये ठेवून देणार आहे, परत आलेल्या अर्जांच्या खाली. उद्या पुन्हा एक अर्ज लिहायचा आहे. पण एक गोष्ट राहिली. मी तिचं नाव एकदाच पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात टेप लागली, आणि मीही तोंड मिटून, हात सरळ करून, त्या सगळ्यांसारखीच सावधान उभी राहिले.